४८ वळणांच्या घाटात नाही, पार्किंगमध्ये पडलो: युरोपच्या सोलो राईडने मला धंद्याबद्दल काय शिकवलं



युरोपच्या राईडचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, तो ४८ वळणांचा घाट चढताना भीती नाही वाटली का?"

खरं सांगतो, नाही वाटली. भीती वाटली ती एका पावाच्या दुकानासमोर. रस्ता सरळ होता, ऊन छान पडलं होतं आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आतच होता. व्हिडिओत तो प्रसंग मी दाखवला नाही, कारण तेव्हा कॅमेरा बंद होता आणि माझे हात थरथरत होते. आज तोच सांगणार आहे. पण त्याआधीचे चार-पाच छोटे घोळ सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही.

तुमच्यातले बरेच जण नोकरी सोडून धंद्यात पडायच्या विचारात आहेत. काहींनी नुकतंच दुकान टाकलंय, काही जणी घरून ऑर्डर घेतात. म्हणजे तुम्हीही सोलो रायडरच आहात. गाडी चालवणारे तुम्ही, नकाशा बघणारे तुम्ही, पंक्चर काढणारेही तुम्हीच. म्हणून ही राईड तुमच्या कामाची आहे. युरोपला जायचं असो वा नसो.

तयारी: मोठ्या गोष्टी सगळ्या केल्या होत्या

मी ४७ वर्षांचा. पुठ्ठ्याचे पॅकिंग बॉक्स बनवायचा माझा छोटा कारखाना आहे, नऊ माणसं कामाला. घरी बुलेट आहे, आंबोली आणि गगनबावडा घाट पाठ आहेत. जूनच्या शेवटी आमच्याकडे ऑर्डर कमी असतात, म्हणून १६ दिवसांची सुट्टी काढली. कारखाना सुरू केल्यापासून इतके दिवस मी कधी बाहेर राहिलो नव्हतो.

तयारी चोख होती. शेंगेन व्हिसा काढला. तो साध्या पर्यटकाला १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर असलेला प्रवास विमा लागतो, तो घेतला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुष्कळ प्रवास विम्यांत मोटारसायकल चालवताना झालेला अपघात धरत नाहीत किंवा त्याला सीसीची मर्यादा असते. ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी दोन पॉलिसी परत केल्या आणि तिसरी घेतली. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. म्युनिकला आठशे सीसीची गाडी भाड्याने ठरवली. तिची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, तेही माहीत होतं.

म्हणजे जे जे 'मोठं' होतं ते सगळं केलं होतं. प्रोजेक्ट रिपोर्ट, बँकेचं कर्ज, उद्यम नोंदणी, जीएसटी नंबर, सगळं झाल्यावर आपल्याला वाटतं ना की आता काय, दुकान उघडायचं बाकी आहे? अगदी तसंच.

पहिला घोळ: रविवार

शनिवारी दुपारी गाडी ताब्यात आली. पावसाचे हातमोजे घ्यायचे राहिले होते. म्हटलं, उद्या सकाळी घेऊ आणि निघू.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. कायद्यानेच. रेल्वे स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप, सकाळी काही बेकऱ्या, एवढंच उघडं सापडतं. आणि नेमका रविवारी सकाळपासून पाऊस. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत साधारण सव्वाशे किलोमीटर मी उन्हाळी हातमोजे घालून गेलो. बोटं इतकी गारठली की क्लच दाबताना कळेना दाबलाय की नाही.

ही गोष्ट कुणाला विचारली असती तर एका मिनिटात कळली असती. पण विचारायचं सुचलंच नाही. जे माहीत नाही ते आपण शोधतो. जे 'माहीत आहे' असं वाटतं, ते कोण शोधणार? रविवारी बाजार उघडा असतो हे मला 'माहीत' होतं. माझ्या गावातलं.

तुमचं बघा. तुम्ही ज्या घाऊक बाजारातून माल आणणार आहात, तो आठवड्यात कोणत्या वारी बंद असतो? दुपारी किती वाजता शटर ओढतात? ट्रान्स्पोर्टची गाडी कोणत्या दिवशी सुटते? हे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसतं. पण पहिल्या महिन्यात माणूस इथेच अडखळतो.

दुसरा घोळ: बॅगेच्या तळाशी कागद

फ्युसेन ओलांडलं की ऑस्ट्रियाचा टिरोल प्रांत लागतो. तिथे रॉइटं नावाचा जिल्हा आहे. मोटारसायकलवाल्यांचा आवडता, आणि गावकरी त्यांच्या आवाजाला कंटाळलेले. म्हणून २०२० च्या उन्हाळ्यापासून तिथल्या काही रस्त्यांवर उन्हाळ्याच्या मोसमात नियम आहे: उभ्या गाडीच्या आवाजाची नोंद ९५ डेसिबलच्या वर असेल तर त्या गाडीला बंदी. गंमत म्हणजे तुम्ही गाडी हळू चालवा नाहीतर ढकलत न्या, बघतात तो गाडीच्या कागदावरचा आकडा. युरोपातल्या नोंदणीपत्रावर यू.१ नावाचा रकाना असतो, त्यात तो लिहिलेला असतो.

मी पाटी बघितली आणि थांबलो. कागद कुठे? मागच्या बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. भर पावसात रस्त्याच्या कडेला सगळी बॅग उपसली. आकडा ९५ च्या आत निघाला. जायला हरकत नव्हती. पण तोवर सगळे कपडे भिजले होते.

नियमात मी बसत होतो, तरी नुकसान झालंच. धंद्यात असं किती वेळा होतं! फूड लायसन्स काढलेलं असतं, पण तपासायला माणूस आला की ते भाच्याच्या मोबाईलमध्ये असतं. दुकानाचा भाडेकरार असतो, पण घरी कपाटात. त्या रात्रीपासून मी गाडीचे कागद, परवाना आणि विमा, तिन्ही टाकीवरच्या छोट्या पिशवीत ठेवले. सोळा दिवसांत ते पाच वेळा लागले.

तिसरा घोळ: सगळे घंटाघर बघत होते

सोमवारी ऑस्ट्रियातून इटलीत उतरलो. सीमेजवळच रेशेन नावाचा तलाव आहे. १९५० साली धरणाचं पाणी साठवलं तेव्हा ग्राउन नावाचं गाव त्यात बुडालं. चर्चचं जुनं घंटाघर तेवढं आज पाण्यात उभं दिसतं. कोयना, उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावं ज्यांना माहीत आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. दोन मिनिटं गप्प उभं राहावं अशी ती जागा आहे.

मी तिथे गाडी लावली आणि साइड स्टँड टाकला. जमीन खडीची आणि पावसाने मऊ झालेली. वळून फोटो काढायला दोन पावलं गेलो असेन, मागून धप्प असा आवाज. स्टँड खडीत रुतला आणि सव्वादोनशे किलोची गाडी सामानासकट आडवी!

एकट्याने उचलायचा प्रयत्न केला. हलली नाही. पुन्हा केला. कमरेत चमक निघाली. मग लाज सोडून शेजारच्या कारवाल्या आजोबांना हात केला. ते आणि आणखी एक जण आले, तिघांनी मिळून गाडी उभी केली. आजोबांनी काही न बोलता त्यांच्या गाडीतून एक चपटा लाकडी तुकडा आणला आणि माझ्या स्टँडखाली ठेवला. इतकंच. तो तुकडा मी शेवटपर्यंत वापरला.

क्लच लिव्हरचं टोक मोडलं होतं. गाडी चालत होती, पण परत देताना त्याचे पैसे माझ्या अनामतीतून कापले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेल्व्हियो घाट. उंची साधारण २,७५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीपेक्षा जास्त. १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यासाठी कार्लो दोनेगानी या अभियंत्याने तो बांधला. प्राटो गावाकडून चढताना ४८ हेअरपिन वळणं, प्रत्येक वळणाला क्रमांक. तिथे मला काहीही झालं नाही. का? कारण तिथे मी जागा होतो. प्रत्येक वळणाआधी गिअर, नजर, वेग, सगळं ठिकाणावर. सायकलवाले, बसवाले, समोरून येणारे, सगळ्यांवर लक्ष.

अवघड जागी माणूस पडत नाही, मित्रांनो. अवघड जागा संपली असं वाटतं तिथे पडतो.

चौथा घोळ: पगाराचा दिवस

हा घोळ मी सांगणार नव्हतो. पण तुम्हाला उपयोगी हाच पडेल.

घाट उतरून बोर्मिओला पोचलो. दुपारचा एक. म्हणजे आपल्याकडे साडेचार. मस्त मूडमध्ये कॉफी मागवली आणि वायफायवर फोन वाजला. आमच्याकडे हिशेब बघणाऱ्या ताई.

"साहेब, पगाराचे पैसे टाकायचेत. ओटीपी आला असेल तुमच्याकडे, तेवढा सांगा ना."

तो दिवस पगाराचा होता. लिस्ट तयार, खात्यात पैसे तयार. पण बँकेला जोडलेला नंबर माझ्या जुन्या सिमवर, आणि त्यावर मी रोमिंग घेतलंच नव्हतं. बोलायला तिकडचं स्वस्त ई-सिम घेतलं होतं ना! हजार-दीड हजार रुपये वाचवले म्हणून खूश होतो.

मग सुरू झालं. ॲपवरून रोमिंग पॅक घ्यायचा तर त्यालाही ओटीपी. कस्टमर केअरला फोन लागेना. मुलाला घरी फोन करून त्याच्याकडून पॅक टाकून घेतला, तो चालू व्हायला वेळ गेला, मग दरीत नेटवर्क जाई. ओटीपी आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झाले होते. पैसे गेले. पण माणसं सहा वाजताच वाट बघून घरी गेली होती.

आल्यावर कळलं की त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी मुलीच्या ॲडमिशनचे पैसे भरायचे होते. त्याने संध्याकाळीच शेजाऱ्याकडून उसने घेतले. मला एका शब्दाने बोलला नाही. बारा वर्षं माझ्याकडे आहे तो. न बोलल्यामुळेच जास्त लागलं.

मी व्हिडिओत तुम्हाला सांगत असतो ना, 'धंदा सिस्टीमवर चालला पाहिजे'? माझा स्वतःचा धंदा एका सिमकार्डावर चालला होता. कागद होते, माणसं होती, पैसे होते, पण शेवटची किल्ली माझ्या खिशात, आणि खिसा साडेसहा हजार किलोमीटर लांब. परत आल्या आल्या पहिलं काम हे केलं: बँकेत जाऊन दुसऱ्या सहीचा अधिकार बायकोच्या नावे करून घेतला, मर्यादेसकट. एका दिवसाचं काम होतं. बारा वर्षं राहिलं होतं.

गाडी एकट्याने चालवता येते. धंदा एकट्याने सुरू करता येतो, पण कायम एकट्याच्या खिशात ठेवता येत नाही.

पाचवा घोळ: पैसे आहेत, पण नाहीत

आपल्याकडे पंपावर गेलो की माणूस येतो, 'झिरो बघा साहेब' म्हणतो. तिकडे बहुतेक ठिकाणी आपणच भरायचं. पहिल्या दिवशी मी गाडीशेजारी पाच मिनिटं उभा राहिलो, कुणीतरी येईल म्हणून. शेवटी मागच्याने हॉर्न दिला. नोझलवरची खूण मात्र शिकून घ्या. युरोपात २०१८ पासून पेट्रोलला गोलात ई, डिझेलला चौकोनात बी अशी चिन्हं असतात. रंगावर जाऊ नका, अक्षर वाचा.

इटलीत दुपारी पुष्कळ छोटे पंप जेवणासाठी बंद होतात. मग मशीनमध्ये आधी पैसे टाकायचे आणि भरायचं. मी २० युरोंची नोट टाकली, टाकीत १३ युरोंचंच बसलं. मशीन सुट्टे देत नाही. उरलेल्या ७ युरोंची पावती देतं, ती पंप उघडल्यावर त्याच पंपावर दाखवून पैसे घ्यायचे. मला पुढे जायचं होतं. ७ युरो गेले.

म्हणून पुढे कार्ड वापरलं. आणि तिथे खरा धडा मिळाला. कार्डाने भरताना मशीन आधी एक मोठी रक्कम अडवून ठेवतं, शंभर युरोच्या आसपास. पेट्रोल पंधरा युरोंचं असलं तरी. उरलेले सुटतात, पण कधी तासात, कधी काही दिवसांनी. माझं प्रीपेड फॉरेक्स कार्ड होतं. दोन दिवसांत तीन वेळा भरलं. इटली ओलांडून फ्रान्समधल्या ब्रियाँसाँला पोचलो, गेस्ट हाउसच्या बाईंनी कार्ड घासलं. नाकारलं. पुन्हा घासलं. नाकारलं.

पैसे माझेच. खात्यात दिसत होते. पण वापरता येत नव्हते. खिशातले ६० युरो रोख दिले तेव्हा खोली मिळाली, आणि रात्रीचं जेवण म्हणून बॅगेतले घरचे दोन लाडू.

नव्या उद्योजकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो. "सर, माझ्या धंद्यात नफा आहे, मग पैसे का पुरत नाहीत?" अहो, नफा आहे, पण तो गिऱ्हाइकाकडे अडकलाय. जीएसटीच्या क्रेडिटमध्ये अडकलाय. गोडाऊनमधल्या न खपणाऱ्या मालात अडकलाय. वहीत दिसणारा पैसा आणि हातातला पैसा, दोन वेगळ्या गोष्टी. रोज संध्याकाळी दोन आकडे लिहा: माझे एकूण किती, आणि उद्या सकाळी देता येतील असे किती. दुसरा आकडा खरा.

७२ युरो बुडवले, आणि बरं केलं

दुसऱ्या दिवशी गालिबिए घाट ओलांडून पलीकडच्या गावात मुक्काम होता. हॉटेलचे ७२ युरो आधीच भरलेले, परत न मिळणारे. लोतारे खिंडीपर्यंत, म्हणजे सुमारे २,०५० मीटरपर्यंत चढलो. तिथून गालिबिएचा फाटा फुटतो, २,६४२ मीटरला जाणारा. वर ढग बसले होते. हात गार, वारा गाडीला ढकलत होता, आणि खाली येणाऱ्या एका रायडरने हाताने 'नको' अशी खूण केली.

मी तिथे वीस मिनिटं उभा होतो. डोक्यात काय चाललं होतं सांगू? हवा नाही. ७२ युरो. ७२ गुणिले तेव्हाचा भाव, म्हणजे किती हजार? असं.

मग स्वतःला एक प्रश्न विचारला: हे पैसे भरलेच नसते तर मी आत्ता वर गेलो असतो का? उत्तर लगेच आलं, नाही. गाडी वळवली आणि ब्रियाँसाँला परत आलो.

हा प्रश्न लिहून ठेवा. दुकानाच्या फर्निचरवर तीन लाख घातले, पण तिथे गिऱ्हाईक येत नाही. मशीन घेतलं, पण त्याच्या मालाला मागणी नाही. 'इतके घातलेत, आता सोडायचं कसं?' असं मन म्हणतं. घातलेले पैसे गेले. ते वर गेल्याने परत येत नाहीत आणि मागे फिरल्यानेही येत नाहीत. आज, इथून पुढे, काय बरोबर, एवढंच विचारायचं.

आणि आता ती बेकरी

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहा. आकाश स्वच्छ. गाव झोपलेलं. रस्त्याच्या डाव्या हाताला एक बेकरी उघडी दिसली. रस्ता पूर्ण रिकामा होता, म्हणून सरळ पलीकडे गेलो आणि दुकानासमोर गाडी लावली. गरम पाव घेतला, अर्धा तिथेच खाल्ला. फार छान वाटत होतं. गेले पाच दिवस उजवीकडून गाडी चालवतोय, आता अंगवळणी पडलंय, असं मनात म्हटल्याचंही आठवतंय.

गाडी सुरू केली आणि निघालो. डाव्या बाजूने.

तीनशे मीटर मी फ्रान्सच्या रस्त्यावर कोल्हापूरसारखा चालवत होतो आणि मला काहीच चुकीचं वाटत नव्हतं. समोर वळण आलं. वळणातून डिलिव्हरीची व्हॅन आली, माझ्या अगदी तोंडावर. दोघांनी ब्रेक मारले. गाडीचं मागचं चाक घसरलं, सावरलं. आमच्यात एखाद्या माणसाची उंची बसेल एवढं अंतर राहिलं.

ड्रायव्हर उतरला. मला वाटलं आता ओरडणार. त्याने माझ्याकडे बघितलं, हाताने रस्त्याची दुसरी बाजू दाखवली आणि विचारलं, "अँग्ले?" म्हणजे इंग्रज का? डावीकडून चालवणारा परदेशी म्हटला की त्यांना इंग्रजच आठवणार. मी मानेनेच नाही म्हटलं. माझा आवाज फुटत नव्हता. त्याने खांद्यावर थाप मारली आणि गेला.

मी कडेला बसलो. किती वेळ ते माहीत नाही. बायकोला फोन लावला आणि न बोलता ठेवून दिला. काय सांगणार होतो?

मग विचार केला, आत्ताच का? म्युनिकच्या गर्दीत का नाही? इटलीच्या ट्रॅफिकमध्ये का नाही? कारण गर्दीत बाकीच्या गाड्या तुम्हाला सांगत असतात कुठून जायचं. रिकाम्या रस्त्यावर सांगणारं कुणी नसतं. तिथे जुनी सवय परत येते. आणि तीही अवघड दिवशी नाही. छान दिवशी, थांबून पुन्हा निघताना, 'आता जमलं' असं वाटल्यावर.

त्याच दिवशी एका दुकानातून लाल चिकटपट्टी घेतली आणि टाकीवर उजवीकडे बाण करून चिकटवला. नियम ठरवला: किल्ली फिरवण्याआधी बाणावर हात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "उजवीकडे." पेट्रोल भरून झालं, "उजवीकडे." फोटो काढून झाला, "उजवीकडे." लोक हसले असतील. पुढे गालिबिए झाला, स्वित्झर्लंड झालं, म्युनिकला गाडी परत दिली. पुन्हा चूक झाली नाही.

तुमचा रिकामा रस्ता कोणता?

नोकरीत वरिष्ठ असतात, वेळ असते, तपासणी असते. म्हणजे गर्दी असते, ती तुम्हाला लेनमध्ये ठेवते. स्वतःच्या धंद्यात रस्ता रिकामा. कुणी विचारत नाही. मग जुनी सवय हळूच डावीकडे नेते. गल्ल्यातून पाचशे काढून भाजी आणणं. ओळखीच्याला न लिहिता उधार देणं. मंदीच्या महिन्यात हिशेब 'नंतर बघू' म्हणून सोडणं. तीनशे मीटर काहीच होत नाही, आणि तिथेच फसगत होते. वळण आल्यावरच कळतं.

आणि बिल लगेच येत नाही, हेही लक्षात ठेवा. परत आल्यावर चार महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्यांचा ई-मेल आला. इटलीतल्या एका जुन्या गावात मी वाहनबंदीच्या भागात शिरलो होतो. कॅमेऱ्याने नंबर टिपला होता. अशा भागात काही शहरांत दुचाकीला सूट असते, काही ठिकाणी नसते. दंड वेगळा, आणि माझी माहिती पोलिसांना कळवल्याची त्यांची फी वेगळी. त्या दिवशी मी त्या गावात आईस्क्रीम खात खूश होतो. जीएसटीची नोटीसही अशीच येते. चूक मार्चमधली, पत्र पुढच्या वर्षी.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या. मोबाईलमध्ये नको, वहीतच लिहा.

१. तुमच्या धंद्यात तुम्हाला 'माहीतच आहे' अशा तीन गोष्टी लिहा. त्या आजच कुणाला तरी विचारून खात्री करा.

२. तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर कोणतं काम फक्त तुमच्या फोनमुळे, सहीमुळे किंवा ओटीपीमुळे थांबेल? त्यातलं एक या आठवड्यात दुसऱ्याच्या हातात द्या.

३. संध्याकाळी दोन आकडे: एकूण किती, आणि उद्या देता येतील असे किती.

४. तुमची 'डावीकडे' नेणारी एक सवय कोणती, ते प्रामाणिकपणे लिहा. मग जिथे ती चूक होते, नेमकं तिथेच बाण चिकटवा. गल्ल्यावर, बिलबुकावर, कपाटावर.

माझ्या गल्ल्याच्या ड्रॉवरवर आज लाल पट्टी आहे. कारखान्यात येणारे विचारतात, हे काय? मी सांगतो, बेकरी.

तुमचा बाण तुम्ही कुठे चिकटवलात ते खाली नक्की लिहा. मी प्रत्येक उत्तर वाचतो. पुढच्या भेटीत उधारी वसूल कशी करायची त्यावर बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा, गाडीही आणि धंदाही.